कडेच्या विटा

उत्क्रांतीचा धडा मी वीस वर्षं एकाच म्हणीने संपवत आलो: बळी तो कान पिळी. पोरं हसायची, धडा लक्षात राहायचा आणि मीही स्वतःवर खूश असायचो.

त्या वर्षी माझ्या दहावीच्या वर्गात डोंगराखालच्या आदिवासी वाडीतली एक मुलगी होती. दिवाळी झाली की तिचं घर पोटासाठी वीटभट्टीवर जायचं, ते थेट पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. दिवाळीला महिना उलटला तरी ती वर्गात नव्हती. तिचा बोर्डाचा फॉर्म भरायचा की नाही, हे मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षक म्हणून माझ्यावर सोडलं.

स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांनी चहात बिस्कीट बुडवता बुडवता विषय निकालात काढला. "जो टिकतो तो टिकतो. निसर्गाचाच नियम आहे. तुम्हीच तर शिकवता, सर." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

करंजाड्याला घरी आलो तर बूड एका जागी टेकेना. गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत. काय झालं म्हणून बायकोने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिच्यावर उगाच खेकसलो. भोवतालाशी ज्याचं जुळतं तो तगतो, एवढंच त्या धड्यात आहे. तो थोर असतो, बाकीच्यांनी मुकाट बाजूला व्हावं, असं त्यात कुठेच नाही. ते मी म्हणीतून घुसडलं होतं. आणि वाडीतल्या कुणाच्याच नावावर हातभर जमीन नाही, हा कुठल्या निसर्गाचा नियम?

रविवारी फॉर्म घेऊन पेण रस्त्याच्या आतल्या भट्टीवर गेलो. ती आईबरोबर भाजलेल्या विटा निवडत होती. फॉर्मचं राहिलं बाजूला, का कोण जाणे, स्टाफरूममधलं सगळं मी आधी तिला सांगून टाकलं. माझ्या हसण्यासकट.

ती रागावली नाही. बाजूला काढलेल्या ढिगातली एक फिकट वीट तिने उचलली. नखाने खरवडली तशी तिची माती सुटली.

"सर, कडंच्या इटा कच्च्या रातात. तिथवर आच पोचत नाय. माती येकच हाय."

मी फॉर्म पुढे केला. तिने हात धुतले, ओढणीला पुसले, उलटसुलट करून पाहिले आणि मगच पेन घेतलं. सही झाल्यावर फॉर्म परत देताना म्हणाली, "तो धडा पेपरात आला तर काय लिवू, सर? तुमी शिकवलं ते, का खरं हाय ते?"

खरं ते लिही, म्हणालो. मग तिथेच विटांवर बसलो आणि तो धडा तिला पहिल्यापासून शिकवायला घेतला.