राखून ठेवलेलं कडवं

अक्का गाणं कधी पुरं करायची नाही. तीन कडव्यांचं गाणं असलं तर दोन गायची, ध्रुवपदावर यायची, हात जोडायची आणि सरळ मागं जाऊन स्टुलावर बसायची. तिसरं कडवं राखलेलं असायचं. समोरून ‘वन्स मोअर’ची आरोळी आली तरच ते मिळायचं. मी त्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला नवीन होतो. पहिल्याच कार्यक्रमात मी तिसऱ्या कडव्याचा म्युझिक पीस सुरू करून बसलो आणि अक्का स्टुलावरून नुसती माझ्याकडं बघत राहिली. नंतर म्हणाली, “मास्तर, न मागता वाढलं की पब्लिक ताटातच टाकतंय. मागू दे की जरा.”

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अक्काचे वडील वस्तीतल्या गायन पार्टीत भीमगीतं म्हणायचे. कडवं राखायची खोड त्यांचीच. आम्ही मात्र गणपतीत आणि जत्रांत सिनेमाची जुनी गाणी करायचो. निवेदक अक्काची ओळख करून देताना मोठ्या गायिकेचं नाव घ्यायचा आणि ‘हुबेहूब तोच आवाज’ एवढं सांगून बाजूला व्हायचा. अक्काचं नाव राहूनच जायचं. नृसिंहवाडीजवळच्या एका गावात कार्यक्रम झाल्यावर एक म्हातारी स्टेजवर चढली, अक्काच्या गालांवरून हात फिरवून म्हणाली, “अगदी तिच्यावानीच गातीस बघ, बाई.” अक्का तिच्या पाया पडली. परतताना टेम्पोत म्हणाली, “वन्स मोअर माझा न्हवताच रं. तो तिचा. मी नुसतं टपाल पोचवलं. एकदा माझ्या नावानं येऊ दे, मग बास.”

पुढं डीजे आले आणि ऑर्केस्ट्रे बसले. मी राजारामपुरीत एका दुकानाच्या माडीवर कीबोर्डची शिकवणी सुरू केली. नेटवर कुणीही आपलं गाणं टाकू शकतं, हे मीच अक्काला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कार्यक्रमाची जरीची साडी नेसून रिक्षातून उतरली. कॉम्प्युटरवरच्या छोट्या कॅमेऱ्यासमोर खुर्ची ठेवली होती, तिथं बसण्याआधी तिनं चपला दाराबाहेर काढल्या. म्हटलं, अक्का, यात फक्त तोंड दिसतंय. “म्हणून काय चपला घालून गाऊ व्हय?”

गाणी तीच, पण आता ती कुणासारखी गात नव्हती. पट्टी उतरवून घेतली होती आणि इतकी वर्षं नकलेखाली दबलेला जरा खरखरीत, जाड आवाज तिनं मोकळा सोडला होता. नावाच्या जागी ‘कोल्हापूरची अक्का’ असं लिहायला लावलं. आणि दोन कडवी झाली की हात जोडून कॅमेऱ्यासमोरून उठून जायची! मी धावत जाऊन बंद करीपर्यंत नुसती रिकामी खुर्ची दिसत राहायची.

“अगं, इथं ओरडणार कोण?”

“लिहितील की.”

लोक लिहायचे, पण ‘गाणं अर्धंच टाकलंय’ असं. अक्का ते वाचून मान हलवायची. “ही तक्रार झाली. वन्स मोअर न्हवं.” तरी ऐकणारे वाढत गेले. वारणानगरहून कार्यक्रमाचं बोलावणंसुद्धा आलं, फलकावर तिचं एकटीचं नाव घालणार होते. ती महिनाभर त्याच आनंदात होती.

त्याच सुमारास तिचा घसा बसला तो उठेना. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, काढावी लागेल, आवाज राहणार नाही. वारणानगरला नाही म्हणून कळवलं. दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी तिनं एक गाणं रेकॉर्ड केलं आणि त्यातही दोन कडव्यांवर थांबली. मी अक्षरशः हात जोडले, आज तरी पुरं गा. म्हणाली, “सगळं गाऊन टाकल्यावर परत यायला निमित्त काय ऱ्हायलं?”

ऑपरेशन झालं. आवाज गेला. गळ्याला रुमाल गुंडाळून ती शिकवणीत येऊन बसायची, मुलांचं चुकलं की बोटानं टेबलावर ठेका धरायची. एका दुपारी तिच्या त्या शेवटच्या गाण्याखाली कुणा अनोळखी मुलीनं लिहिलेलं दिसलं: ‘अक्का, वन्स मोअर!’

अक्कानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. उठून घरी गेली आणि जरीची साडी नेसून परत आली. चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसली, कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. मी कसाबसा तिसऱ्या कडव्याचा पीस वाजवला आणि ती गायली. ओठ हलत होते, श्वास नेमक्या जागी घेत होती, चढाला हात वर जात होता. गळ्यातून फक्त हवा येत होती. पुरं कडवं म्हणून तिनं हात जोडले आणि उठून गेली. हे नेटवर टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिनं माझा हात धरून माउसवर ठेवला.

संध्याकाळी त्याच मुलीचं उत्तर आलं. ‘अक्का, माइक बंद राहिला वाटतं. तुमचा आवाजच आला नाही. वन्स मोअर!’ मला रडू फुटलं. अक्का मात्र खांदे हलेपर्यंत हसली, पदरानं डोळे पुसले आणि मला एक बोट वर करून दाखवलं: पुन्हा एकदा.

ते पुन्हा काही झालं नाही. पावसाळ्याआधीच ती गेली.

त्या कडव्याखाली अजूनही कुणी ना कुणी लिहितं, माइक तपासा, परत गा. शिकवणी सुटल्यावर कधी मी ते लावतो. अक्का हात जोडते, उठून जाते, खुर्ची तेवढी दिसत राहते. आणि मी बंद करायचं सोडून तिची वाट बघत बसतो.