टेलरकाकांनी पाणी मागितलं

गेल्या सोमवारी, फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता कुडव्याच्या टेलरकाकांवर अन्याय झाला. वॉर्डाचं तिकीट त्यांना कबूल झालं होतं. मिळालं आठ दिवसांपूर्वी पक्षात आलेल्याला.

काकांची मतं जुन्या वळणाची. "फुकटचं वाटून देश नाही चालत, बाबू," असं ते माप घेताना गिऱ्हाइकालाही सुनावतात. मी प्रचार त्यांच्याच मागे फिरून शिकलो. मत मागायला गेलेल्या घरी ते कधी पाणी घेत नाहीत. "ज्याचं पाणी पेलो, त्याले वरून मत कसं मागू?"

मंगळवारी नवा उमेदवार दुकानात आला. "काकाजी, चला. लोक तुमालेच ओळखतात."

"पक्ष सांगते त जा लागते," म्हणत काकांनी मशीनवर चादर टाकली.

पहिल्याच घरी त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं. दुसऱ्या घरीही, तिसऱ्या घरीही. मताचा शब्द काढला नाही.

उमेदवार हसला. "काकाजीले आज बहुतच तहान लागून राहिली."

त्याला काही कळलं नाही. पक्षालाही कळणार नाही.

उद्या ते तुमच्या दारात येतील. काकांना पाणी द्या, आणि मागे हात जोडून उभ्या असलेल्याला विचारा, हे तिकीट कोणाचं होतं?