चष्मा काढलेला नावाडी

नव्वदच्या दशकात मी बनारसला पर्यटनाच्या प्रचाराचं काम करायचो. राज्यात विदेशी पाहुणे यावेत म्हणून पोस्टरं छापायची, मेळ्यांत दुकान मांडायचं.

बालाजी घाटावर एक नावाडी रोज दिसायचा. त्याचा जाड भिंगांचा चष्मा डोक्यामागे सुतळीने बांधलेला असे. वल्हं उचलण्याआधी तो भिंगं गमछ्याने पुसायचा. मराठी यात्रेकरूंच्या संगतीने मोडकं मराठी शिकला होता.

दिल्लीच्या मेळ्यासाठी मी त्याचा फोटो काढवला. प्राचीन काशीत चष्मा कसा चालेल? मी तो उतरवायला लावला. पोस्टरवर तो दूर कुठेतरी ध्यान लावून पाहतोय असं वाटायचं. खरं तर त्याला समोरचा कॅमेराही दिसत नव्हता.

पोस्टर गाजलं. टूरवाले त्यालाच शोधत येऊ लागले आणि पोस्टरसारखा दिसावा म्हणून नाव घाटापासून लांब गेली की वल्हवतानाही चष्मा काढायला लावू लागले. मला ते ठाऊक होतं.

एका सकाळी त्याची नाव दुसरीवर आदळली. कुणी बुडालं नाही, पण इतर नावाड्यांनी त्याला सवारी घेऊ देणं बंद केलं.

मी गेलो तेव्हा तो पायरीवर बसला होता. हसून म्हणाला, "साहेब, इतके लोक मला बघून गेले, मला एकाचं पण तोंड दिसलं नाही."

शेजारी चहा पिणाऱ्या नावाड्यांपैकी एकाने विचारलं, "साहेब, तुम्हीच सांगा, चष्मा असून हा धडकला कसा?"

"वय झालं त्याचं," मी म्हणालो. तो माझ्याकडे पाहत होता. चष्मा लावून.