मला दिसलेलं विमान

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

आज नाशिकला एका लग्नात पगारे साहेब भेटले. ऐंशीच्या दशकात मी छोटं विमान उडवायचो, तेव्हा ते कंट्रोल टॉवरमध्ये असायचे.

एकदा चांदवडवरून नाशिकला उतरायला येत होतो. रेडिओवर त्यांचा आवाज आला, "समोरून एक विमान वर चढतंय. दिसतंय का?"

डावीकडे खाली काहीतरी हललं. मी बिनधास्त म्हणालो, "दिसलं."

"कोणत्या बाजूला?"

"डावीकडे."

"ते नव्हे! लगेच उजवीकडे वळा!"

मी वळलो. क्षणात एक विमान इतक्या जवळून गेलं, की त्यातल्या वैमानिकाचं उघडं तोंड मला दिसलं. डावीकडे होती ती घार.

आज जेवताना मी म्हणालो, "साहेब, तुम्ही रडारवर पाहिलंत म्हणून वाचलो."

त्यांचा घास हातातच राहिला. "कसलं रडार हो? तेव्हा आपल्याकडे नव्हतंच. तुम्ही दोघा वैमानिकांनी रेडिओवर कळवलेल्या जागा कागदावर मांडल्या होत्या. तुमची डावी बाजू काही जुळेना, म्हणून ओरडलो."

मला पुढे जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की तेव्हा कुणीतरी मला पाहत होतं.

होऊन गेलेल्या गोष्टीची भीती इतक्या उशिरा तुम्हाला कधी वाटली आहे का?