एकाचा नकार

अथेन्समध्ये मुखवटे करणारे चार-पाच जण होते, पण सूड घेणाऱ्याचा मुखवटा हवा असला की नाटककार निकोनकडेच येत. बाकीचे कारागीर अशा चेहऱ्याच्या भुवया चढवत, ओठ वाकडे करत. निकोन तसं काही करीत नसे. जुन्या कापडाच्या चिंध्या सरसात भिजवून साच्यावर थर चढवायचे आणि शेवटच्या थरापर्यंत चेहरा शांत ठेवायचा, ही त्याची रीत. ज्याला आपलंच बरोबर आहे असं वाटतं तो दातओठ खात नाही, असं तो म्हणे. लोकांना वाटे, याला अनुभव आहे.

अनुभव होता. अकरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ आर्खिप्पोस नाट्यगृहातच अपघातात गेला होता. आर्खिप्पोस कोरसमध्ये गात असे. नाटकांच्या उत्सवाला आठ दिवस उरले होते आणि देवाचं काम करणाऱ्या नटाला वरून खाली उतरवणारी लाकडी यारी नटाऐवजी दगडांचं पोतं बांधून तपासत होते. दोर फिलाग्रोसच्या हातात होता. तो निकोनचा लहानपणापासूनचा मित्र, एकाच गल्लीतला. आर्खिप्पोस खाली वाकून पादत्राणाचा बंद बांधत होता. दोर सुटला आणि पोतं त्याच्या पाठीवर आलं. तो जागीच गेला.

न्यायसभेनं ठरवलं की मृत्यू हेतूनं घडवलेला नाही. तशा माणसाला जी शिक्षा असते तीच फिलाग्रोसला झाली. त्यानं देश सोडायचा आणि मृताच्या घरच्यांनी माफ करेपर्यंत परत यायचं नाही. ही माफी बाप, भाऊ आणि मुलगा अशा सगळ्यांनी मिळून द्यायची असते. एकाचाही नकार असेल तर तोच चालतो. फिलाग्रोस समुद्रापलीकडे त्रोइझेनला गेला आणि तिथल्या बंदरात दोर वळू लागला.

तिसऱ्या वर्षी निकोनचे वडील माफी द्यायला तयार झाले आणि त्याच वर्षी वारले. आर्खिप्पोसचा मुलगा लिकोन बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. मोठा झाल्यावर तोही तयार झाला. तयार नव्हता तो एकटा निकोन.

दर वर्षी हिवाळा सरून समुद्र नावांसाठी उघडला की फिलाग्रोसची आई मिर्टिस त्याच्या दाराशी येई. ती बाजारात फिती आणि हार विकायची. फार वेळ थांबत नसे. पहिली नाव निघतेय, काय कळवू, एवढंच विचारी. निकोन हातातल्या कामावरची नजर न काढता सांगे, "नाही म्हण." मग ती त्याच्या तब्येतीची चौकशी करून निघून जाई. एका वर्षी तिनं त्याला खोकल्यावर मधातलं औषधही आणून दिलं होतं.

लिकोनला हे सहन होत नसे. तो कुंभारकाम करायचा, जिभेनं तिखट होता. एकदा तो म्हणाला, "काका, मुखवटे तुम्ही चिंध्यांचे करता, मान तेवढी लाकडाची ठेवलीत. बाप माझा गेला. मला चालतंय आणि तुम्हाला चालत नाही?"

"तू लहान होतास. तू पाहिलं नाहीस."

निकोननं पाहिलं होतं, आणि अडचण तीच होती. त्या दिवशी नवा मुखवटा मनासारखा उतरला म्हणून तो हरखून नाट्यगृहात आला होता. फिलाग्रोसच्या हातात दोर आहे हे दिसत असूनही त्यानं मुखवटा तोंडावर धरून हाक मारली होती, "फिलाग्रोस, इकडे बघ." फिलाग्रोस वळला, हसला, आणि दोर सुटला. न्यायसभेत निकोनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दोर त्याच्या हातून सुटला." ते खोटं नव्हतं. मग फिलाग्रोसला विचारलं. त्यानं एकदा निकोनकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, माझ्याच हातून सुटला." हाकेचं नाव दोघांनीही काढलं नाही.

माफी द्यायची तर वेदीवर हात ठेवून, त्या दिवसाचा उच्चार करून द्यावी लागणार. देवासमोर तेच अर्धं सत्य पुन्हा सांगायचं निकोनच्या अंगात धाडस नव्हतं, आणि पूर्ण सांगायचंही नव्हतं. नकार देणं सोपं होतं. त्याला कारण द्यावं लागत नाही.

अकराव्या वर्षी एका नाटकासाठी त्यानं धाकट्या भावाचा मुखवटा केला. नाटकातला हा भाऊ थोरल्याच्या खुन्याला शोधून मारतो. निकोन लिकोनला घेऊन बघायला गेला. सूड पुरा झाला तेव्हा टेकडीच्या उतारावर बसलेले सगळे प्रेक्षक गरजले. मग घरातल्या म्हाताऱ्यांचा कोरस त्या भावाला म्हणू लागला, आता आत चल, दोन घास खा. तो हलेना. उन्हात त्याचा चेहरा लखलखत होता. खुनाआधी होता तसाच, एका रेषेचाही फरक नाही. मुखवटा बदलत नसतो हे निकोनला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं, पण त्या दिवशी त्याला तो चेहरा कुणाचा आहे ते कळलं. त्याच्याच्यानं वर बघवेना.

"लिकोन," तो हळूच म्हणाला, "मी देतो माफी."

लिकोननं त्याचा हातच धरला. समोर तीन ओळी खाली त्रोइझेनचा खलाशी बसला होता, त्याची नाव उद्याच सुटणार होती. त्याच्याकडे निरोप देऊ, बाकीचं रीतसर नंतर करू, असं लिकोनचं म्हणणं.

निकोननं नकारार्थी मान हलवली. हे देवाचे दिवस. उत्सव चालू असताना न्यायसभा बंद असतात, रक्ताचा विषय तोंडातही आणायचा नसतो. "अकरा वर्षं थांबला, आणखी चार दिवस थांबेल," तो म्हणाला. उत्सवाचं कारण खरं होतं, पण त्याला ते चार दिवस स्वतःसाठीच हवे होते. हाकेचं ते वाक्य तोंडी बसवायला.

उत्सव संपला. वेदीपाशी लिकोन बोलला, मग निकोन बोलला. माफी दिली, पण ते वाक्य काही आलं नाही. मिर्टिसनं दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्याच दिवशी ती स्वतः नावेत बसली.

बाराव्या दिवशी ती परतली. निकोन आणि लिकोन पिरेयस बंदरावर गेले होते. ती एकटीच उतरली, अस्थींचं भांडं पदराखाली धरून. फिलाग्रोस तापानं गेला होता. ती पोचायच्या दोन दिवस आधी. त्या खलाशाची नाव पोचली तेव्हा तो शुद्धीवर होता. अथेन्सहून काही निरोप आहे का, असं त्यानं खलाशाला विचारून घेतलं होतं.

लिकोननं काकाकडे पाहिलंही नाही.

परतीच्या वाटेवर मिर्टिस ऑलिव्हच्या झाडाखाली दम खायला बसली. लिकोन पाणी आणायला गेला, तेव्हा निकोन तिच्या पायाशी बसला.

"मावशी, त्या दिवशी मी त्याला हाक मारली होती. म्हणून तो वळला."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी सांगितलं त्यानं. म्हणाला, निकोनला यातलं कळू देऊ नकोस. त्याचा भाऊ गेलाय, वर हे ओझं त्याला पेलायचं नाही."

"मग तू दर वर्षी येत होतीस ते?"

"न्यायसभेत माझ्यासारख्या बाईचा शब्द कोण धरणार होतं? मला वाटायचं, या वर्षी तू आपणहून बोलशील." भांडं मांडीवर सारखं करत ती पुढे म्हणाली, "तुझ्यावर राग नाही रे. कंटाळा आलाय फक्त."

माफी मिळालेली असल्यामुळे अस्थी आपल्या मातीत पुरता आल्या. फिलाग्रोसच्या घरात विधी करायला कोणी पुरुष उरला नव्हता. थडग्यावर तेल मी घालतो, असं निकोन म्हणाला.

"तेल लिकोन घालील," मिर्टिस म्हणाली. "तू शेजाऱ्यांबरोबर मागून ये."

तो मागून चालला. शेजारचा म्हातारा चांभार त्याच्या बाजूनं चालत होता. भल्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सख्ख्या भावाचा जीव घेणाऱ्याला माफ करायचं म्हणजे मन केवढं मोठं लागतं.

निकोन थांबला. वाटेतच त्यानं सगळं सांगितलं. मुखवटा, हाक, न्यायसभेतलं ते अर्धं वाक्य. आता ते सहज आलं, कुठे अडखळलंसुद्धा नाही.

चांभारानं ऐकून घेतलं आणि त्याची पाठ थोपटली. "होतं असं," तो म्हणाला. "माणूस गेला की सगळ्यांनाच वाटतं, आपलंच चुकलं. नको रे इतकं मनाला लावून घेऊ."

पुढे लिकोन तेल ओतत होता.