घागरीवरचा हात
चिंचेच्या कोळाचा वास नाकाशी आला की मला अजून नकोसं होतं. नातेपुत्याला दिलेली माझी मुलगी लग्नानंतर वर्षाच्या आत तापानं गेली. तेरावं झाल्यावर सासरच्यांनी लग्नातली भांडी टेम्पोनं सोलापूरला परत पाठवली. तांब्याच्या घागरीवर काळपट हात उमटलेला होता, पाचही बोटं दिसत होती. रोज पाणी भरताना ती तिथंच धरायची. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला, "आई, याला क्षरण म्हणत्यात. घामातलं मीठ तांबं खातं, मग डाग पडतो." मी म्हणाले, "खाऊ दे. घागरीला कुणी हात लावायचा न्हाय." दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला आणि माळशिरसहून जाऊ आली. मला जाग आली ती चिंचेच्या वासानं. मोरीत गेले, तर ती शेवटचं भांडं विसळत होती. "बघा की अक्का, पोरीची घागर लई कळकट झालती. चिंच-मीठ लावून लखलखीत केली." बोलता बोलता ती रडायला लागली. मी तिला चहा करून दिला. ती घागर मी अजून रोज भरते. तिच्यावर हात उमटतात, पण ते माझे असतात. ते मी घासून टाकते.