कोरड्या तलावातल्या पात्या

२०१६च्या उन्हाळ्यात आमचं जळकोटकडचं गाव टँकरवर जगत होतं आणि शेजारची रुद्राणी आटलेल्या तलावात दगड वेचत फिरत होती. कुणी हसलं की चिडायची. "गारगोट्या न्हाईत त्या. हजारो वर्षांमागच्या माणसांनी घडवलेल्या पात्या हायत!"

नांदेडला विद्यापीठात ती हेच शिकत होती. दगडी हत्यारं ओळखायची, मोजायची, मग ती मापं कॉम्प्युटरला देऊन जुनी माणसं नेमकी कुठं बसून हत्यारं घडवत होती ते काढायचं. जूनअखेर काम दिलं नाही तर प्रवेश जाणार होता. मग तिचे वडील, चन्नबसप्पा, सोयरीक जमवायला टपलेलेच होते.

एकटीनं एवढा तलाव कसा पालथा घालायचा? तिनं गाळ काढणाऱ्या बायकांना डबे वाटले, प्रत्येकीला जागा नेमून दिली आणि तिथलेच दगड डब्यात टाका म्हणून बजावलं.

"उदगीर जिल्हा व्हणार म्हनतेत," त्यातल्या गुरम्मानं चिडवलं. "मग डब्यावर आपलं गाव कोन्त्या जिल्ह्यात लिव्हशील?"

सगळ्या हसल्या. रुद्राणीला हसू येण्याचे दिवसच नव्हते.

डबे भरून आले. कॉम्प्युटरनं नकाशा काढला, त्यात सांडव्याची बाजू लालभडक, म्हणजे सगळ्यात जास्त हत्यारं तिथंच. तिला शिकवणाऱ्या उमादेवी मॅडम फोनवर खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बाजूचा एक दगड हिनं उलटा केला, तर त्याला सिमेंट चिकटलेलं. सांडवा गुरम्माकडे होता, ही तशीच तिच्या दारात.

"मला कायबी घावलं न्हाई गं," गुरम्मा सहज म्हणाली. "मग रिकामा डबा कसा द्यावा? घरामागं खडी पडलीय, त्यातल्या चांगल्या चांगल्या टाकल्या."

बाकीच्यांनीही थोडंफार तेच केलं होतं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, दुष्काळ असो की काही असो. विद्यापीठाला हे ठाऊक नसेल, पण ही तर इथलीच पोर! मला तिचा रागही आला आणि कीवही.

कुठला दगड तलावातला आणि कुठला परसातला, हे आता कुणालाच सांगता येईना. मॅडम म्हणाल्या, "सगळं काढून टाक. तळ कोरडा आहे तोवर स्वतः वेच."

ती उजाडताच तलावात उतरू लागली. त्याच आठवड्यात आभाळ दाटायला लागलं. गाळातल्या बायका कपाळावर हात धरून वर बघायच्या आणि त्यांचे चेहरे खुलायचे. रुद्राणी वर बघायचीच नाही. खाली मान घालून भराभर वेचायची.

संध्याकाळी तिची आई, लक्ष्मम्मा, पूजेला बसली होती. "ये, तूबी हात जोड. दोन वर्सं झाली, आता तरी पड म्हनावं."

रुद्राणीनं डोळे मिटले, हात जोडले. आणखी पंधरा दिवस पडू नको, एवढंच तिच्या मनात आलं. शेजारी आई पुटपुटत होती. आपलं मागणं आईला ऐकू गेलं असेल, या भीतीनं तिला डोळे उघडवेनात.